देवाची इंग्रजी खिडकी

गुणाजी घाडी इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसला तेव्हा वर्गाचा भूतकाळ नुकताच संपला होता, हे त्याचं नशीब. आधीचे तीन महिने विद्याधर सर 'आय वेंट, आय सॉ, आय फर्गॉट' असलं काहीबाही शिकवत होते. गुणाजीला भूतकाळाचा तसा उपयोग नव्हता. तो गिरणीत बदली कामगार होता आणि गिरणी बंद पडली. झाला भूतकाळ. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्याला हवा होता भविष्यकाळ, आणि तोही वीस डिसेंबरच्या आत.

कारण सहारच्या विमानतळाजवळ एक मोठं हॉटेल उभं राहत होतं आणि त्या हॉटेलला दरवाजात उभा राहायला माणूस पाहिजे होता. अटी तीन. उंची निदान पाच फूट दहा, वय पंचविसाच्या आत, इंग्रजी बोलता येणे आवश्यक. गुणाजी पाच फूट अकरा होता. घाटकोपरच्या भटवाडीत त्यांच्या खोलीचं जे दार होतं, त्यातून तो मिसरूड फुटल्यापासून वाकून आत येत होता. आता जगात कुठेतरी त्याच्या मापाचं दार तयार झालं होतं. वयाचं म्हणाल तर दोन जानेवारीला त्याला पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे हे दार हुकलं, तर पुढच्या जाहिरातीला तो म्हातारा. सध्या तो एका पंख्यांच्या कारखान्यात खोकी बांधत होता, तेही बोलावतील त्या दिवशी, आणि घरात कामाला जाणारा तेवढा एकच माणूस होता.

राहिलं इंग्रजी. त्यासाठी हाताशी पंधरा दिवस होते.

वर्ग भरायचा चाळीतल्या मंडळाच्या खोलीत, संध्याकाळी सात वाजता. भिंतीवर रवळनाथाची मोठी तसबीर, खाली फळा, फळ्यासमोर सतरंजी. खोली मुळात कॅरम खेळणाऱ्यांची. वर्ग असला की कॅरम बंद, म्हणून ती मंडळी बोर्ड पांघरूण घालून ठेवायची आणि मागे भिंतीला टेकून, दुसरं काही नाही म्हणून, इंग्रजी ऐकायची. त्यात गुणाजीचा बाप धोंडू असायचा, गिरणीत भोंग्यापेक्षा मोठा आवाज म्हणून नाव कमावलेला भीमराज असायचा, आणि नळावरून येताना थांबलेल्या द्रौपदीकाकू असायच्या, कळशीसकट.

विद्याधर सर पंतनगरातून चालत यायचे. विम्याच्या कचेरीत कारकून, बारीक चण, गळ्यात टाय. अत्यंत सज्जन माणूस. फक्त त्यांच्या तोंडून कधी कोणी 'हो' ऐकलं नव्हतं. "सर, चहा घेणार?" म्हटलं तरी ते म्हणायचे, "बघू." आणि चहा पिऊन झाल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर बघूच असायचं. अकरा वर्षं ते व्याकरणाचं एक पुस्तक लिहीत होते. कधी संपणार, विचारलं की, "बघू."

तर पहिल्याच संध्याकाळी सर म्हणाले, "आजपासून भविष्यकाळ. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंग्रजीत कुठलंही क्रियापद भविष्यात एकटं जात नाही. त्याला सोबत लागते. विल, शॅल, मे, माइट. कोणीतरी हात धरणारा हवाच."

"आमच्यासारखाच असा," मागून धोंडू म्हणाला.

"गुणाजी, उभे राहा. तुमच्या स्वतःच्या भविष्याबद्दल एक वाक्य. विल घालून."

गुणाजी उभा राहिला. वही दोन्ही हातांत छातीशी धरली. समोर फळा, फळ्याच्या वर रवळनाथ.

"आय... विल... गेट... द जॉब."

"शाब्बास! आता मराठीत सांगा, म्हणजे मागच्यांनाही कळेल."

"मला नोकरी मिळेल."

"व्हय म्हाराजा!" मागून धोंडू गरजला.

सरांच्या हातातला खडू पडला.

आता धोंडूची यात काही चूक नव्हती. गावाला रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. एकाने देवासमोर उभं राहून सांगत जायचं, बा देवा, ह्याचं असं होऊ दे, त्याचं तसं होऊ दे. आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्का मारायचा. शिक्का बसला नाही तर ते मागणं पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखं. जातं कुठे कोणालाच ठाऊक नाही. आणि इथे त्याचा मुलगा तसबिरीसमोर, हात छातीशी धरून, पुढे काय होणार ते सांगत होता. धोंडूच्या लेखी ह्याला दुसरं नाव नव्हतं.

"अहो धोंडूबुवा," सर म्हणाले, "हे वाक्य आहे. मागणं नाही."

"वाक्यच असा. पण होतला म्हणता मा तो? मग व्हय म्हणाक आपला काय जाता?"

सरांनी पडलेला खडू उचलला. ते म्हणाले, "बघू."

तेवढ्यात द्रौपदीकाकू कळशी खाली ठेवून पुढे सरकल्या. "गुणाजी, एक काम कर रे. आपल्या नळाचं पण म्हण ना. आठ दिवस झाले, थेंब नाही. ही कळशी मी नुसती फिरायला आणते."

सरांनी विचार केला, तृतीय पुरुषाचा सराव होईल. गुणाजी म्हणाला, "द वॉटर विल कम."

या वेळेस धोंडूबरोबर भीमराजही ओरडला आणि खोलीतल्या बल्बने एकदा डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. नुसतं आलं नाही, तोटी उडवून आलं. द्रौपदीकाकूंचा आरडाओरडा ऐकून चाळ बादल्या घेऊन धावली. पाइपासाठी खणणारी माणसं आदल्या दुपारपासून कोपऱ्यावर खणत होती, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ती माणसं गेल्या महिन्यातही खणत होती, आणि तेव्हा कोणी विल म्हटलं नव्हतं.

नळावर, भिजल्या धोतराने, धोंडूने सगळ्यांना उलगडून सांगितलं. "देवाक सगळ्यो भाषा समाजतत. पण मालवणीत मागणारे किती? मराठीत किती? खिडकीर रांग बघा तेच्या! गुजरातीत तर वेपारी मागतत, तेंची रांग वेगळीच. आणि इंग्रजीत देवाकडे कोण मागता? कोण नाय! ती खिडकी रिकामी असा. थंयचो देव नुसतो बसान असा, कोण येता काय बघत."

हे इतकं साधं होतं की आजवर कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

संध्याकाळी वर्गाला चाळीस माणसं. सतरंजी पुरेना. सर दारात थबकले, आपण चुकून दुसऱ्या कोणाच्या लग्नात आलो असं त्यांना वाटलं. गुणाजीभोवती ही झुंबड. "गुणाजी, माझं घे!" "अरे रांगेत या रे!" "मी काल पण आलेली!" शेजारच्या जानकीच्या मुलीला शिवणकामाच्या शाळेत जागा पाहिजे होती. "शी विल गेट अ सीट." व्हय म्हाराजा! भीमराजचा मेव्हणा पाच महिने त्याच्याकडे मुक्कामाला होता. "हिज वाइफ्स ब्रदर विल गो टू हिज ओन हाउस." व्हय म्हाराजा! मेव्हणा स्वतः तिसऱ्या रांगेत बसला होता. मराठी अर्थ ऐकून तो दुसऱ्याच दिवशी गेला. देवामुळे गेला की अपमानामुळे, या खोलात भीमराज शिरला नाही.

गुणाजीचं इंग्रजी मात्र सुसाट सुटलं. दिवसाला तीस-तीस भविष्यं तोंडातून काढायची म्हणजे काय! आठवड्यात त्याला सून, नणंद, गळका पत्रा, मूळव्याध, सगळ्याचं इंग्रजी यायला लागलं. कारखान्यात खोकी बांधताना तो पुटपुटायचा, धिस बॉक्स विल गो टू नागपूर. आणि खोकं खरंच नागपूरला जायचं, कारण वर तसा पत्ताच होता, पण तरी त्याच्या अंगावर काटा यायचा.

सरांना मात्र हे झेपेना. माणूस विम्याच्या कचेरीतला. उद्या काय होईल ते सांगता येत नाही, यावर तर ती कचेरी उभी. एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मे' लिहिलं आणि खाली बारीक 'माइट'.

"प्रत्येक गोष्टीला विल लावू नका. भविष्य आपल्या हातात नसतं. इंग्रजांनी त्यासाठीच मे ठेवलंय. आणि त्याहून पातळ हवं असेल तर माइट. आता द्रौपदीकाकूंची गुडघेदुखी. तिथे आपण म्हणायचं, द पेन मे स्टॉप."

"म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे दुखणं थांबेल, किंवा थांबणार नाही."

"ते तर मला वर्गात न येता पण माहीत होतं!"

खोलीत हशा उसळला. सर लाल झाले. गुणाजीने तरी आज्ञेप्रमाणे म्हटलं, "द पेन मे स्टॉप." आणि सवयीने थांबला.

मागून काही आलं नाही. चाळीस माणसं, आणि चिडीचूप. लोकांनी धोंडूकडे पाहिलं. धोंडूने मान हलवली.

"मे-क व्हय म्हणूक येवचा नाय. कशाक व्हय म्हणतलंव? थांबता त्याक, की थांबना नाय त्याक?"

तेव्हापासून ठरलं. विलला व्हय, मे-ला गप्प. माइट तर कोणी फळ्यावरून पुसायचे कष्टही घेतले नाहीत.

"सर, तुमचं स्वतःचं एक वाक्य सांगा की," द्रौपदीकाकू म्हणाल्या. "ते पुस्तक कधी पुरं होतंय?"

"आय..." सर म्हणाले. तसबिरीकडे पाहिलं, टाय सैल केला. "आय मे..."

चाळीस माणसं गप्प. सरांनी डस्टर उचललं आणि कोरी असलेली जागा बराच वेळ पुसली.

मुलाखतीला पाच दिवस उरले तशी खरी तयारी सुरू झाली. सर साहेब व्हायचे, कॅरम बोर्ड टेबल व्हायचा.

"पाहुणा रागावला तर काय कराल?"

"आय विल स्माइल, सर."

"व्हय म्हाराजा!"

"सामान जड असेल तर?"

"आय विल लिफ्ट इट, सर."

"व्हय म्हाराजा!"

फार झकास चालायचं. गुणाजी वाक्य टाकायचा, मान जराशी मागे वळवायचा, शिक्का ऐकायचा, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने पुढचं वाक्य आपोआप बाहेर यायचं. श्वास घ्यायला वेळ, शब्द शोधायला वेळ, सगळं त्या दोन शब्दांत बसायचं. पाच दिवस सर त्याचे उच्चार सुधारत होते, आई शेवंती त्याचा शर्ट सुधारत होती, भीमराज त्याची छाती पुढे काढत होता. त्याची मान मागे वळते, हे कोणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण त्यांच्याकडेच वळत होती, त्यामुळे बरं वाटलं.

वीस डिसेंबरला सकाळी गुणाजी पांढऱ्या शर्टात अंधेरीला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर पोचला, तर तिथे आठ माणसं उभी. बाप, आई, भीमराज, द्रौपदीकाकू, जानकी, कॅरमवाले दोघे आणि टाय लावलेले विद्याधर सर.

"बाबा, तुम्ही सगळे खंय?"

"गाऱ्हाणा एकट्यान घालूचा नसता," धोंडू म्हणाला. हातात नारळ होता.

"सर, तुम्ही पण? कचेरी?"

"बघू," सर म्हणाले आणि बसमध्ये सगळ्यात आधी चढले.

हॉटेलच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "किस काम से?"

"इंटरव्यू," भीमराज म्हणाला.

"सब का?"

"सब का."

पहारेकऱ्याने नऊवारीतल्या शेवंतीकडे पाहिलं. "मावशी का भी?"

"मावशी का सबसे पहले."

यापुढे काय विचारायचं ते पहारेकऱ्याला शिकवलेलं नव्हतं. त्याने फाटक उघडलं, गुणाजीला आत पाठवलं आणि बाकीच्यांना मागच्या हिरवळीवर नेऊन बसवलं, नाव पुकारतील म्हणून.

मुलाखतीची खोली तळमजल्यावर होती. एक अख्खी भिंत काचेची, मागच्या हिरवळीच्या बाजूची, आणि थंडी अशी की गुणाजीला वाटलं, हिवाळा घाटकोपरात आलाच नाही तो इथे ठेवलाय. टेबलापलीकडे दोघे. एक चंद्रप्रकाश साहेब, हॉटेलचे मोठे मॅनेजर, दिल्लीकडचे, तीन महिने न झोपल्यासारखे डोळे. दुसऱ्या जयंतीमॅडम, नोकरभरतीच्या प्रमुख, चेंबूरच्या.

"सो, मिस्टर घाडी," साहेब म्हणाले, "व्हाय शुड वी टेक यू?"

हा प्रश्न पाठ होता. याला सात वाक्यं तयार होती, एकाहून एक खणखणीत. गुणाजीने छाती पुढे काढली.

"आय विल वर्क हार्ड, सर."

आणि त्याची मान जराशी मागे वळली.

मागे भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर. एअर कंडिशनर घुर्र करत होता. बाकी काही नाही.

गुणाजी थांबला.

"यस?" साहेब म्हणाले. "अँड?"

पुढचं वाक्य त्याला येत होतं. ते जिभेच्या मागे तयार उभं होतं, केस विंचरून. पण पहिल्यावर शिक्काच बसला नव्हता! पहिलं वाक्य खोलीत नुसतं लोंबकळत होतं आणि त्यावर दुसरं ठेवलं तर दोन्ही खाली येणार, हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. 

"घाबरू नका," जयंतीमॅडम मराठीत म्हणाल्या. "बोला, सावकाश."

तो घाबरला नव्हता. तो वाट बघत होता. पण हे कसं सांगणार, आणि कुठल्या काळात?

अर्धं मिनिट गेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, मग फाइल मिटली. गुणाजीच्या डोळ्यांसमोर आपल्या खोलीचं बुटकं दार आलं. चौकटीच्या वरच्या लाकडावर त्याच्या कपाळाने इतक्या वर्षांत एक गुळगुळीत जागा केली होती. आता ती आणखी गुळगुळीत होणार.

"थँक यू, मिस्टर घाडी," साहेब म्हणाले. "वी मे..."

टक.

तिघांनी काचेकडे पाहिलं. बाहेरून एक नारळ काचेवर वाजत होता. नारळामागे धोंडू होता, आणि धोंडूच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांवर हातांची झापडं करून, नाकं काचेला चिकटवून, सात जणं.

गुणाजी उठला. साहेबांकडे पाठ केली, जे कुठल्याही मुलाखतीत करू नये म्हणतात, आणि काचेकडे तोंड करून, ओठ मोठे मोठे हलवत ओरडला, "आय विल वर्क हार्ड, सर!"

बाहेर आवाज जाणं शक्य नव्हतं. पण धोंडूने ते ओठ पंधरा दिवस पाहिले होते. त्याने नारळ वर केला. आठ तोंडं एकदम उघडली. आत काही ऐकू आलं नाही. फक्त थंडगार काचेवर बाहेरून वाफेचे आठ गोल उमटले. बरोबर आठ शिक्के, एकाशेजारी एक.

मग काय विचारता!

"आय विल ओपन द डोअर अँड आय विल ओपन इट विथ अ स्माइल!" आठ गोल. "आय विल रिमेंबर एव्हरी गेस्ट्स नेम!" आठ गोल. "आय विल नॉट बेंड माय हेड, सर, बिकॉज युवर डोअर इज हाय!" हे पाठ केलेल्यांतलं नव्हतं, कुठून आलं त्यालाही कळलं नाही, पण बाहेरच्यांनी शिक्का मारला. विद्याधर सरांचं तोंड सगळ्यांत मोठं उघडत होतं. त्यांचा गोल सर्वांत मोठा पडत होता आणि त्याच्या खाली टायचं टोक चिकटलं होतं.

चंद्रप्रकाश साहेब खुर्चीवरून उठून काचेपाशी आले. "हू आर दीज पीपल?"

"माय फादर, सर. अँड मदर. अँड चाळ."

"व्हॉट आर दे सेइंग?"

गुणाजीने तोंड उघडायच्या आत जयंतीमॅडम म्हणाल्या, "दे आर सेइंग येस, सर." त्यांचं आजोळ कुडाळचं होतं.

साहेब काचेकडे बघतच राहिले. त्यांची दशा कोणी समजून घ्यायला हवी होती. हॉटेलचं उद्घाटन तीन वेळा पुढे गेलं होतं. एकदा लिफ्ट अडली, एकदा स्वयंपाकघराचं धुरांडं उलटं बसलं, एकदा मंत्री आजारी पडले. आता एक जानेवारीची तारीख होती. तीन महिने ते ज्याला ज्याला विचारत, तो तो म्हणे, हो जाएगा साब, शायद. या शायदने त्यांची झोप खाल्ली होती. आणि इथे आठ माणसं, एकाही वाक्याचा अर्थ न विचारता, हो म्हणत होती!

"ये लोग कुछ भी बोलो तो हाँ बोलेंगे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नो, सर," गुणाजीने खरं ते सांगितलं. "ओन्ली विल. नॉट मे."

"बुलाओ अंदर."

आठ जणं आत आली. शेवंतीने थंडीने पदर डोक्यावरून लपेटला. द्रौपदीकाकूंनी गालिच्याबाहेरच चपला काढल्या आणि बाकीच्यांना काढायला लावल्या. साहेबांनी टेबलावरच्या फाइली बाजूला केल्या, धोंडूने मधोमध नारळ ठेवला.

"मिस्टर घाडी," साहेबांचा आवाज जरा कापत होता, "बोलो. होटल पहली तारीख को खुलेगा. अंग्रेजी में बोलो."

"द होटेल विल ओपन ऑन द फर्स्ट ऑफ जॅन्युअरी!"

"व्हय म्हाराजा!"

भीमराजचा आवाज असल्या काचबंद खोलीत प्रथमच लागला होता. पेनं टेबलावरून घरंगळली, बाहेरची टायपिस्ट धावत दारात आली.

"लिफ्ट!" साहेब म्हणाले.

"द लिफ्ट विल गो अप, सर, अँड इट विल ऑल्सो कम डाउन!"

"व्हय म्हाराजा!" आता जयंतीमॅडमही होत्या, आणि त्यांना चाल बरोबर येत होती.

"चिमनी! मिनिस्टर!"

"द स्मोक विल गो आउट! द मिनिस्टर विल कम इन!"

"व्हय म्हाराजा!" या वेळेस साहेब स्वतः म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला.

मग ते खुर्चीत बसले, केस सारखे केले, पुन्हा मोठे मॅनेजर झाले. "व्हेरी गुड. थँक यू ऑल. मिस्टर घाडी, वी मे लेट यू नो."

चिडीचूप.

आठ जणं उभी होती, त्यांच्याकडे बघत, तोंडं मिटून. एअर कंडिशनर घुर्र करत होता. 

"काय म्हणाले?" धोंडूने विचारलं.

"मे म्हणाले," सर कुजबुजले.

"झालं," द्रौपदीकाकू म्हणाल्या. "परत गुडघा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "क्या हुआ? बोलो ना."

"सर," गुणाजी म्हणाला, "मे पे कोई नहीं बोलता."

धोंडूने नारळावर हात ठेवला आणि जयंतीमॅडमकडे वळून अगदी शांतपणे, कामाची माहिती द्यावी तसं सांगितलं, "बाय, साहेबांक सांग. येक मागणा अर्धवट ऱ्हवला, तर आदली सगळी फुकट."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. आत्ताच वर गेलेली लिफ्ट त्यांच्या डोळ्यांदेखत दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. धुरांडं उलटं झालं. मंत्री खोकायला लागले. त्यांनी गुणाजीकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. पाहायला तसा वेळ लागला, माणूस पाच फूट अकरा होता.

"मिस्टर घाडी," ते म्हणाले, आणि प्रत्येक शब्द स्वतंत्र ठेवला, "विल. जॉइन. अस. ऑन द फर्स्ट."

मराठी अर्थासाठी कोणी थांबलं नाही.

"व्हय म्हाराजा!" आणि या सगळ्यांच्या वर, चिरका, टायमधून वाट काढत आलेला विद्याधर सरांचा आवाज. तो संपल्यावरही ते एकटेच आणखी एकदा म्हणाले. मग खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. बसमध्ये जानकीने डोकावून वाचलं. एकतीस मार्च, पुस्तक पूर्ण. खाली दोनदा रेघ मारलेली.

गाऱ्हाणं झालं की नारळ फोडायचा. एवढ्या मोठ्या हॉटेलात फोडायला दगड मिळेना. शेवटी साहेबच उत्साहाने सगळ्यांना मुख्य दरवाजाशी घेऊन गेले, त्या दरवाजाशी, ज्याची चौकट गुणाजीच्या डोक्यावर हात-दीड हात उंच होती. तिथे नुकतीच बसवलेली संगमरवरी पायरी होती. धोंडूने नारळ आपटला. नारळाची दोन समान भकलं झाली, हा उत्तम शकुन. पायरीचाही वीतभर टवका उडाला.

तसा संगमरवर मुंबईत मिळेना. तो राजस्थानातून यायला एक तारीख उलटली आणि उद्घाटन दोन जानेवारीला झालं. लिफ्ट वर गेली, खालीही आली. धूर बाहेर गेला, मंत्री आत आले. गुणाजी मात्र ठरल्याप्रमाणे एक तारखेलाच रुजू झाला, आणि लाल कोट, सोनेरी बटणं अशा थाटात दिवसभर बंद दाराशी ताठ उभा राहिला. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस, असं तो अजून सांगतो.

भटवाडीत मात्र त्या एका दिवसावरून कुजबूज झाली. द्रौपदीकाकूंनी नळावर सरळ विचारलं, "काय हो भावजी, विल म्हटलं होतं ना? मग एका दिवसाने हुकलं कसं?"

धोंडूने बादली नळाखाली सरकवली.

"एक तारखेक आयतवार हुतो," तो म्हणाला. "इंग्रजी खिडकी आयतवारी बंद."